कचेरीला साहेबांचं नाव कशाला?

तालुक्याच्या गावी नवी प्रशासकीय इमारत उभी राहिली, की रंगाचा दुसरा हात बसायच्या आत नावाचा विषय निघतो. आमच्याकडे सध्या तेच चाललंय. गाव सांगत नाही, कारण ही गोष्ट चाळीसगावलाही घडू शकते, शिरपूरलाही आणि तळोद्यालाही. मागणी अशी, की याच तालुक्यात जन्मून मोठ्या हुद्द्यावर पोचलेल्या आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याचं नाव त्या इमारतीला द्यावं. माणूस भला आहे. सगळी नोकरी बिनडाग झाली. घरची कोरडवाहू शेती, मामाकडे राहून शिक्षण, पहिली बदली थेट कोकणात, हे सगळं गावाला तोंडपाठ आहे. निवेदनाचा कागद फिरत फिरत माझ्यापर्यंत आला आणि मी सही केली नाही. टपरीवर उभ्या उभ्या कारण सांगितलं असतं, तर ‘तुम्हाला आपल्या माणसाचं चांगलं पाहवत नाही’ एवढाच अर्थ निघाला असता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागणी करणाऱ्यांचा एक मुद्दा जोरकस आहे, तो आधी घेतलेला बरा. ते म्हणतात, पुढाऱ्यांची नावं तुम्हाला बरी चालतात. धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला भाऊसाहेब हिरे यांचं नाव आहे. चौक घ्या, सभागृहं घ्या, व्यापारी संकुलं घ्या, खान्देशात पुढाऱ्याच्या नावावाचून कोपरा उरलाय का? मग ज्याने उभं आयुष्य इमानेइतबारे नोकरी केली, कधी मतं मागितली नाहीत, टेंडर भरलं नाही, त्याचंच नाव डोळ्यांत का खुपावं?

पुढाऱ्यांच्या नावांचा अतिरेक झालाय, हे मला मान्यच आहे. सरकारी जाहिरातींवरच्या फोटोंबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कान उपटले होते, की लोकांच्या पैशाने व्यक्तिपूजा नको. वर्षभरात मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या फोटोंना पुन्हा वाट करून दिली गेली, तो भाग वेगळा. पण एकाने शेत खाल्लं म्हणून दुसऱ्यालाही कुंपण उघडून द्यावं, हा न्याय झाला नाही. शिवाय पुढारी आणि अधिकारी यांच्या नावांत एक मोठा फरक आहे. पुढाऱ्याचं नाव वाचलं, की तो कोणत्या गटाचा, कोणाला पाडून निवडून आलेला, हे लोक जाणून असतात. तो पक्षाचा आहे हे त्याने कधी लपवलेलं नसतं. अधिकाऱ्याची सगळी ताकद मात्र तो कोणाचाच नाही, या विश्वासावर उभी असते. बांधाच्या भांडणात समोरच्याची ओळख कितीही वरपर्यंत असली तरी तहसीलदार कागद बघून निकाल देईल, असं निदान वाटायला तरी हवं. त्याच तहसीलदाराच्या डोक्यावर तालुक्यातल्याच एका घराण्याचं नाव सोनेरी अक्षरांत लावलं, आणि वाद नेमका त्या घराण्याच्या भाऊबंदाशी असला, तर?

ही शंका काही मी उकरून काढलेली नाही. सरकारलाच ती फार आधी आली होती. आयएएस आणि आयपीएस अधिकाऱ्यांना लागू असलेल्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत लिहिलंय, की सरकारच्या परवानगीशिवाय अधिकाऱ्याने मानपत्र घ्यायचं नाही, स्वतःच्या सन्मानार्थ भरलेल्या सभेला जायचं नाही. बदलीच्या वेळी ऑफिसातल्यांनी दिलेला साधा घरगुती निरोपसमारंभ तेवढा चालतो. त्याच्याही आधी, १९५७ मध्ये, केंद्राच्या गृहमंत्रालयाने आपल्या नोकरांना बजावलं होतं, की रस्ते, पूल, इमारती, दवाखाने, शाळा यांना आपलं नाव लावू देणं हे त्या काळच्या नियमाच्या भावनेविरुद्ध आहे. आपल्याकडे शाल-श्रीफळ आणि फेट्याचं जे चाललंय ते बघता हे नियम कोणी वाचतं की नाही, देव जाणे. पण हेतू स्पष्ट होता. मान देणारा माणूस बहुतेक वेळा त्याच अधिकाऱ्याकडे काम असणारा असतो, आणि मान ही वस्तूही पाकिटासारखीच टेबलाखालून सरकवता येते.

आता कोणी म्हणेल, की हे नोकरीत असलेल्यांचं झालं, साहेब तर निवृत्त झालेत. नियमाच्या भाषेत बरोबर. पण निरोपाचा हार गळ्यात पडला त्या संध्याकाळी तीस-पस्तीस वर्षांचे लागेबांधे सुटत नाहीत. त्यांच्या हाताखाली तयार झालेले अधिकारी आज खुर्चीवर आहेत. एखाद्या आयोगावर, प्राधिकरणावर नेमणूक व्हायची शक्यता असते. आणि निवडणूक लढवायची झाली तर अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर अमुक वर्षं थांबा असं सांगणारा कायदाच नाही. आज प्रशासकीय इमारतीवर लागलेलं नाव उद्या मतपत्रिकेवर दिसलं, तर आचारसंहितेच्या काळात त्या इमारतीला कापड गुंडाळणार का?

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती निवृत्तीच्या आधीची आहे. ‘आपला माणूस मंत्रालयात आहे’ या वाक्याला आपल्या तालुक्यांत काय किंमत आहे, हे कोणाला सांगायला नको. नव्या इमारतीचं श्रेय साहेबांना देताना लोक जे सांगतात, ते नीट ऐका. ‘फाईल तीन वर्षं पडून होती, साहेबांनी एका फोनवर काढून दिली.’ कौतुकाने सांगतात. आता हेच वाक्य शेजारच्या तालुक्यातल्या माणसाने ऐकलं तर? त्याच्याही तालुक्याची इमारत गळतेय, त्याचीही फाईल कुठेतरी पडलेली आहे, पण त्याचा माणूस तिथे बसलेला नाही. अक्कलकुवा किंवा धडगावचा आपला माणूस मंत्रालयात किती वेळा बसला असेल? ज्या कृतीसाठी आपण नाव द्यायला निघालोय, ती सरकारी नोकराच्या कर्तव्यात मोडते, की कर्तव्याला बगल देण्यात, हे एकदा ठरवायला हवं. आणि नाव देण्याचा पायंडा पडला, की निवृत्तीला दोन वर्षं उरलेला प्रत्येक भूमिपुत्र आपल्या गावाकडच्या फायली वर ठेवायला लागेल. त्यात वाईट हेतू असेलच असं नाही. पण माणूस आहे, गावात आपलं नाव राहावं असं कोणाला वाटणार नाही?

इथल्या मातीत हा प्रश्न नवा नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खान्देश कंपनीकडे आला, तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला कारभार बघायला आला. धुळं तेव्हा अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं, नदी आणि पाटाच्या मधे अडकलेलं लहान गाव होतं. ब्रिग्जने सरकारी कचेऱ्यांसाठी जागा घेतली, लांबून कारागीर आणले, व्यापाऱ्यांना बिनभाड्याच्या जागा देऊन वसवलं, घरं बांधायला पैसे आगाऊ दिले. आजचं धुळं शहर त्या आखणीवर वाढलं. असा अधिकारी आज असता तर त्याच्या नावाने निदान एक संकुल नक्की झालं असतं. पण धुळेकर त्या सरळ, काटकोनातल्या गल्ल्यांना काय म्हणतो? गल्ली नंबर चार. गल्ली नंबर सहा. आकडा सांगितला की रिक्षावाला दारात सोडतो. ब्रिग्जचं नाव अभ्यासकांना माहीत असतं, इतरांचं त्यावाचून काही अडत नाही, आणि त्याने केलेलं काम मात्र रोज हजारो लोकांच्या पायाखाली आहे. कर्तबगार अधिकाऱ्याची याहून चांगली सोय कोणी लावू शकेल असं मला वाटत नाही.

याच्या उलट दुसरा नमुना चाळीसगावहून कन्नडकडे चढताना दिसतो. तिथल्या जंगलाचं सरकारी नाव गौताळा औट्रमघाट अभयारण्य. औट्रम म्हणजे जेम्स औट्रम, १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारणारा कंपनीचा अधिकारी. धरणगावला तिचा तळ होता. कंपनीच्या दृष्टीने फार यशस्वी माणूस. डोंगरात शिरून त्याने भिल्लांचं बंड मोडलं आणि त्याच लोकांना शिपाई केलं. स्वातंत्र्य मिळून चाळीस वर्षं होत आली तेव्हा, १९८६ मध्ये, अभयारण्य जाहीर करताना आपणच त्याचं नाव पुन्हा पाटीवर चढवलं. ट्रकवाले, एसटीचे ड्रायव्हर, सगळे ‘कन्नड घाट’ म्हणतात आणि घाटात जाम झाला की त्याच नावाने शिव्या घालतात. पाटी मात्र औट्रमचीच.

आता त्याच काळातला दुसरा सरकारी नोकर आठवा. खाज्या नाईक. आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या घाटाची राखण करणं ही त्याची नोकरी. १८५७ मध्ये तो ज्या सरकारचं मीठ खात होता त्याच्याच विरुद्ध उठला, आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात अंबापाणीला त्याच्या लोकांची इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. त्या काळचे सरकारी कागद त्याला बंडखोर आणि लुटारू म्हणतात. १८६० मध्ये खान्देशात एखाद्या कचेरीला ‘उत्तम लोकसेवकाचं’ नाव द्यायचा ठराव आला असता तर औट्रमचं नाव एकमताने पास झालं असतं, आणि खाज्याचं नाव काढणाऱ्याला आत टाकलं असतं. आज उजव्या-डाव्या कोणत्याही विचाराच्या माणसाला विचारा, सातपुड्याच्या पायथ्याशी सभा घ्या, उत्तर उलटं येईल. दोघांच्या कामाचं मोजमाप त्यांच्या समकालीनांना जमलं नाही. आपल्यालाच आपल्या काळातल्या साहेबांचं जमेल, हा आत्मविश्वास कुठून येतो?

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं नाव या चर्चेत हमखास निघतं, कारण ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात १८८४ मध्ये लागले आणि पहिल्या मोठ्या कामांतलं एक काम त्यांनी आपल्याकडे, साक्री भागातल्या दातर्तीला, पांझरेच्या प्रवाहाखालून पाण्याचा पाइप नेण्याचं केलं. वय तेविशीच्या आसपास. पावसाळा तोंडावर, पुराच्या गाळाने केलेलं काम भरून जायचं. थोडं थांबू या, असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं, त्यावर बोलणी बसली, आणि मग त्यांनी ते त्याच पावसाळ्यात रेटून पूर्ण केलं. हा प्रसंग मला आवडतो तो त्यातल्या मोठेपणासाठी नाही. थांबू या म्हणणारा ज्युनिअर इंजिनिअर, रागावणारा साहेब, गाळ उपसणारे मजूर आणि शेवटी नदीखालून सुखरूप गेलेलं पाणी, हे आजच्याही कुठल्याही पाटबंधारे उपविभागात घडू शकणारं चित्र आहे. नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचं नाव मिळालं ते साठच्या दशकात, म्हैसूरचं दिवाणपद सोडून चार दशकं उलटल्यावर. तोवर त्यांच्या कामाला विरोध करणारे, त्यांच्याकडून उपकृत झालेले, दोन्ही पिढ्या मागे पडल्या होत्या. म्हणजे निवृत्त लोकसेवकाचं नाव कधीच देऊ नये असं मी म्हणत नाही. घाई नको, एवढंच म्हणतो.

घाई का नको, याला एक कोरडं, कागदी कारणही आहे. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे निवृत्त कर्मचाऱ्यावर जुन्या प्रकरणात विभागीय चौकशी सुरू करता येते, फक्त ती घटना चौकशी सुरू होण्याच्या आधीच्या चार वर्षांतली असली पाहिजे. म्हणजे आपल्या माणसाच्या हिशोबावर शेवटची सही करायला शासन स्वतः चार वर्षं हातची राखून ठेवतं. लेखापरीक्षणाचे आक्षेप तर त्याहूनही सावकाश निघतात. आणि आपण सेवापुस्तकावरची शाई वाळायच्या आत ग्रॅनाइटवर अक्षरं कोरायला निघालो. आमच्या साहेबांच्या बाबतीत काही निघणार नाही, याची मला खात्री आहे. पण पायंडा एका माणसासाठी पडत नसतो. उद्या दुसऱ्या तालुक्यात दुसरे साहेब असतील, त्यांची खात्री कोणी द्यायची? नाव काढणं हे नाव देण्यापेक्षा शंभरपट अवघड. त्यासाठी मोर्चे निघतात, बंद पुकारले जातात, आणि ज्याचं नाव काढायचं त्याच्या समाजाला तो आपला अपमान वाटतो.

समाज म्हटल्यावर थोडं थांबायला हवं, कारण चावडीवर सगळे जे बोलतात ते छापताना सगळे टाळतात. आपल्याकडे नावाचा प्रश्न फार लवकर जातीचा प्रश्न होतो. एका समाजाच्या अधिकाऱ्याचं नाव एका इमारतीला लागलं, की दुसऱ्या समाजाचं निवेदन पुढच्या सोमवारी तयार असतं. मग पंचायत समितीला एक, दवाखान्याला दुसरं, विश्रामगृहाला तिसरं, अशी वाटणी सुरू होते. गंमत म्हणजे शासनाने २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. वस्त्यांवरून पुसलेली जात आपण साहेबांच्या आडनावांतून कचेऱ्यांच्या कपाळावर परत लिहायची का? ज्यांच्या समाजातून क्लास वन झालेले अजून मोजकेच आहेत, त्या भिल्ल, पावरा वस्तीतल्या माणसाने या वाटणीत कुठे उभं राहायचं?

कचेरी म्हणजे काय, हे तिच्याकडे वरून बघणाऱ्याला कळत नाही. जूनच्या सुरुवातीला रावेर-यावल पट्ट्यात वादळ होतं, अर्ध्या तासात घडांनी लगडलेली केळी आडवी होते. दुसऱ्या दिवशी तलाठी येतो. (त्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण ते अजून कोणाच्या तोंडात बसलेलं नाही.) चिखलात चप्पल रुतते, मोबाईलवर फोटो, खोडं मोजणं, टक्केवारी. नुकसान तेहेतीस टक्क्यांच्या वर, म्हणजे मदत मिळणार, की खाली, या एका आकड्यावर शेतकऱ्याचं वर्ष फिरतं. आकडा कमी लागला की माणूस कचेरीत येतो. अर्ज लिहून घेतो, आवक-जावकच्या खिडकीशी उभा राहतो, शिक्का मारलेली पोच घडी घालून खिशात ठेवतो, आणि साहेब ‘मीटिंगला गेलेत’ हे ऐकून परत फिरतो. याच्या मनात व्यवस्थेबद्दल जो राग आहे तो कोणा एका माणसावर नाही. म्हणूनच तो उद्या परत येतो. त्याच दारावर एका अधिकाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत लावलं, तर रागाला पत्ता मिळतो, आणि बिचाऱ्या निवृत्त साहेबांना, ज्यांचा या पंचनाम्याशी काडीचा संबंध नाही, त्यांच्या नावाने रोज शिव्या बसतात. निवेदन घेऊन फिरणाऱ्यांनी याचा विचार केलाय, असं दिसलं नाही. साक्रीकडच्या एका म्हाताऱ्याने हा सगळा वाद एका वाक्यात उडवून लावला: “नाव कोनंबी लावा भो, उतारा येळवर भेटाले जोयजे.” (नाव कोणाचंही लावा, उतारा वेळेवर मिळायला हवा.)

लोक इमारतींना त्यांच्या सोयीची नावं देतात आणि ती नावं ठरावांना पुरून उरतात. जळगाव महापालिकेच्या इमारतीचं कागदोपत्री नाव सरदार वल्लभभाई पटेल टॉवर. देशाच्या पोलादी पुरुषाचं नाव, त्याला कोण नाही म्हणेल? तरी जळगावात कुणालाही विचारा, तो ‘सतरा मजली’ म्हणेल. वल्लभभाईंचा मान त्याने कमी होत नाही आणि पाटीमुळे वाढलाही नाही. धरणांकडे बघा. गिरणा, वाघूर, हतनूर, अनेर. तापीवरचे बॅरेज सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा. नदीची आणि गावांची नावं. या कामांवर किती इंजिनिअर झिजले असतील. एकाचंही नाव भिंतीवर नाही, आणि आवर्तन सुटलं की पाणी शेवटच्या चारीपर्यंत पोचतं की नाही, एवढ्यावर त्या सगळ्यांची परीक्षा होते. नदीचं नाव असल्यामुळे धरणावरून जातीची भांडणं झाली नाहीत, हा फायदा आपण मोजतच नाही.

नाव देणं फळाला आल्याचं एक उदाहरणही आपल्याकडेच आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये सुरू झालं आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. बहिणाबाई जाऊन तेव्हा ६७ वर्षं होत आली होती. त्यांनी कोणाची फाईल काढून दिली नव्हती, कोणाची बदली थांबवली नव्हती, त्यांच्या नावाने कोणाला तिकीट मिळणार नव्हतं. आसोद्याची, अक्षर ओळख नसलेली शेतकरी बाई आणि विद्यापीठ, या जोडीत काहीतरी अर्थ होता. पोरं अजून बोलताना ‘एनएमयू’ म्हणतात, म्हणोत बापडी. पण त्या नावाला कोणी हरकत घेतल्याचं, किंवा ते नाव बघून विद्यापीठात जायला कोणी बिचकल्याचं ऐकलं नाही.

आणि नाव द्यायचंच असेल, तर ते नेहमी वरच्याच हुद्द्याचं का सुचतं, हेही विचारलं पाहिजे. निवृत्त वायरमनचं नाव एखाद्या सबस्टेशनला द्या, असं निवेदन तुम्ही कधी पाहिलंय? रात्री दोनला डीपीवर चढणारा तोच असतो. सातपुड्यातल्या उपकेंद्रात पावसाळ्यात ओढा ओलांडून लसीची पेटी नेणारी सिस्टर, तुटपुंज्या मानधनावर तहसीलचे समन्स गावोगाव पोचवणारा कोतवाल, टाकीचा व्हॉल्व्ह पहाटे चारला फिरवणारा पाणीपुरवठ्याचा माणूस. लोकसेवकांचा सन्मान करायचा म्हणता तेव्हा हे लोक त्या शब्दात बसतात की नाही? कोविडमध्ये नंदुरबारची देशभर चर्चा झाली, कारण दुसरी लाट आली तेव्हा जिल्ह्याचे ऑक्सिजन प्रकल्प आधीच उभे होते. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांचं कौतुक झालं आणि ते रास्त होतं. दूरदृष्टी त्यांची होती. पण रात्रपाळीला त्या प्रकल्पाचं प्रेशर बघत बसणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव कुठल्या बातमीत आलं? ते प्रकल्प आज चालू अवस्थेत ठेवणं, हीच त्या दोघांची आठवण. त्यावर पाटी लावून ते बंद पडू देणं आपल्याला फार चांगलं जमतं.

मग नव्या इमारतीवर काय लिहायचं? ‘प्रशासकीय इमारत’ आणि खाली तालुक्याचं नाव, बस. दर्शनी भागात जी कोनशिला लागते तिची मात्र रचना बदला. आज तिच्यावर काय असतं ते माहीत आहे: वर ‘मा. ना.’ यांचे शुभहस्ते, मग अध्यक्षस्थान, मग प्रमुख उपस्थिती, मग विशेष उपस्थिती, नावांच्या अक्षरांच्या आकारावरून रुसवे-फुगवे, सगळ्यात खाली ‘विनीत’. सहा महिन्यांत तिच्यासमोर पाण्याचा कूलर येऊन बसतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर फलक असतो तो बघा. कामाची किंमत, लांबी, सुरू केल्याची आणि संपवल्याची तारीख, ठेकेदाराचं नाव, पुढच्या पाच वर्षांची देखभाल कोणाकडे. तसं कचेरीच्या भिंतीवर लिहा: किती लाखांचं अंदाजपत्रक, किती खर्च झाले, कोणत्या उपअभियंत्याने मोजमापं तपासली, दोषदायित्वाचा काळ, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो. मोजमाप पुस्तिकेवर सही करणाऱ्याचं नाव भिंतीवर आलं, तर तो सही जरा जपून करेल. लोकसेवकाचं नाव लावायचं तर असं लावा, जबाबदारीसकट.

साहेबांसाठी काहीच करू नये का? जरूर करावं. गावातल्या वाचनालयात त्यांच्या नावाने स्पर्धा परीक्षांची पुस्तकं ठेवा, वर्गणी काढा, पहिली पावती मी फाडतो. ते स्वतः आठवड्यातून दोन तास पोरांना शिकवायला बसले, तर त्या खोलीला लोक आपोआप त्यांच्या नावाने ओळखतील आणि त्याला कोणाच्या ठरावाची गरज पडणार नाही. फरक एवढाच, की ते वर्गणीचं असेल, तिजोरीतलं नसेल. आणि पुढे कधी, वीस-पंचवीस वर्षांनी, त्यांच्या हाताखालची माणसंही निवृत्त झाल्यावर, नव्या पिढीला त्यांचं नाव द्यावंसं वाटलं, तर त्यांनी रीतसर हरकती-सूचना मागवाव्यात, निदान साठ दिवसांच्या, नोटीस मराठीबरोबर अहिराणी आणि पावरीतही वाचून दाखवावी, ग्रामसभांचे ठराव घ्यावेत आणि मग ठरवावं.

सध्याचा प्रस्ताव पंचायत समितीच्या सभेत कधी ना कधी येईल. विरोधात बोलायची हिंमत कोणी करणार नाही, तेही मला समजतं. साहेबांचे नातेवाईक समोर बसलेले असतील. विरोध करू नका. कोणी तरी एका सदस्याने उठून एवढंच विचारावं, की नव्या इमारतीचा स्लॅब पहिल्या पावसात गळला तर फोन कोणाला करायचा, आणि तो नंबर पाटीवर टाकलाय का.